कण्हेरीपलीकडचे दीड हात

३ फेब्रुवारी

वहिनी,

आणि दादाला हेही सांग की कुंपण मी चुकीच्या जागी लावलेलं नाही. चार वर्षं झाली, अजून तेच तुणतुणं. मागच्या पत्रात तू लिहिलंस, "हे म्हणतात, धाकट्याने दीड हात जमीन शेजाऱ्याला दान केली." दान करायला मी कोण? त्या घरात माझ्या नावावर एक खुंटीसुद्धा नाही.

पुन्हा एकदा लिहितो, आणि या वेळी त्याला समोर बसवून वाचून दाखव. शाळेची बस धुऊन झाली की तो पायरीवर बसतो ना, तेव्हा. मी माळीबाबांच्या हाताखाली सात महिने होतो. सातवीची परीक्षा बुडवून होतो, ते जाऊ दे. माळीबाबा म्हणायचे, कुंपणाचं झाड हद्दीवर लावायचं नाही, दीड हात आत लावायचं. झाड दोन्ही बाजूंनी वाढतं. पलीकडची बाजू छाटायला माणूस उभा कुठे राहणार? शेजाऱ्याच्या अंगणात? त्याची परवानगी काढत? म्हणून आपल्याच जागेतली पट्टी बाहेर सोडायची. मी तेच केलं. कण्हेरीच्या पलीकडचे दीड हात आपले आहेत. होते आणि आहेत.

आता शेजारचे कंपाउंडरकाका म्हणतात की कण्हेर हीच हद्द. त्यांचं मी समजू शकतो. जन्मभर दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यांना रेघ दिसली की तिथपर्यंतच मोजायची सवय. पण दादाला काय झालंय?

तू एक कर. वादात पडू नकोस. कण्हेर या महिन्यात छाटायलाच हवी, छातीइतकी ठेव. छाटलेल्या फांद्या अंगणात ओढू नकोस, पलीकडच्या पट्टीतच पसरून टाक आणि पडू दे. आपला कचरा पडलाय म्हणजे जागा आपण वापरतोय, हे कोणालाही दिसेल. वहिवाट म्हणतात त्याला. जुन्या लांब बाहीचं काहीतरी घाल, चिकाने खाज सुटते. नंतर हात धू.

इथे नर्सरीत मला आठवा महिना लागला. आता कोपऱ्यातल्या वेगळ्या शेडमध्ये टाकलंय, पगार तीनशेने जास्त. काम तेच.

धाकटा

१४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र यांना पायरीवर बसवून वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीला ते उठले आणि बसचा आरसा पुसायला गेले. आरसा आधीच पुसलेला होता. उरलेलं मी एकटीने वाचलं.

छाटणी झाली. कात्री बोथट, दोन दिवस लागले. आता चुलीजवळच्या खिडकीतून काकूंची खिडकी दिसते, मध्ये चार वर्षं नुसता गुलाबी पडदा होता. फांद्या पट्टीत पसरल्या आहेत.

तुमची वहिवाट एक दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरकाका दोन खुंट्या आणि हातोडा घेऊन आले, पट्टीच्या मोरीकडच्या टोकाला खुंट्या ठोकल्या आणि काकूंच्या दोन्ही शेळ्या तिथे बांधल्या. बांधताना मला ऐकू जाईल असं म्हणाले, "चरायला आपलीच जागा बरी." तिथे चरण्यासारखं मूठभर गवत आहे. म्हणजे आता एका टोकाला आपल्या फांद्या आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या शेळ्या, दोघंही जागेचा ताबा घेऊन बसलेत. दोऱ्या आखूड आहेत, फांद्यांपर्यंत पोचत नाहीत.

काकूंना या सगळ्याची लाज वाटते. नवरा दुपारी आडवा झाला की त्या छाटलेल्या कण्हेरीवरून अर्धा पेला दूध माझ्याकडे देतात आणि म्हणतात, "हद्दीचं काय ते पुरुष बघतील, तू चहा कर." शेळ्या त्यांच्या स्वतःच्या आहेत, शिलाईच्या पैशातून घेतलेल्या. काका त्यांना "आमचा गोठा" म्हणतात, पण धार काढायला कधी बसत नाहीत.

तीनशे जास्त कशासाठी देतात, ते तुम्ही लिहिलं नाही. कोणी उगीच जास्त देत नाही.

वहिनी

२५ फेब्रुवारी

वहिनी,

खुंट्या ठोकू देत. पट्टीत खुंटी ठोकून जागा मिळत असती तर मी आत्तापर्यंत जमीनदार झालो असतो. फांद्या उचलू नकोस, तेवढं बघ. आपण उचलल्या की काका म्हणतील, बघा, मानलं की नाही. आणि शेळ्यांची काळजी तू करू नकोस. कण्हेरीचा पाला कडूजहर असतो, शेळी हुंगून तोंड फिरवते. मी पाहिलंय.

दादाला विचार, आरसा किती चकाकला.

मला इथे कंटाळा आलाय. आमचा मुकादम माणूस बरा आहे, पण म्हातारीसारखा मागे लागतो. पिवळे हातमोजे घातल्याशिवाय शेडमध्ये पाय टाकू देत नाही. आमच्या कात्र्यांना लाल चिकटपट्टी, त्या दुसऱ्या शेडमध्ये न्यायच्या नाहीत. चहाच्या आधी दोनदा साबणाने हात धुवायला लावतो आणि स्वतः उभा राहून बघतो. बाकीचे आम्हाला डॉक्टर म्हणून चिडवतात. परवा एकाने मला नाडी दाखवली. मी म्हटलं, तुला फार दिवस नाहीत, चहा पाज.

माझ्या खोलीतला एक जण गोदीत जहाजं रंगवायला जाणार आहे. तिथे दीडपट पगार. दोरीवर लटकून रंगवायचं, खाली पाणी. अनामत भरावी लागते, ती मी जमवतोय. तू म्हणशील, हे पाचवं काम. टाइल्स वाहिल्या, हॉटेलात भांडी घासली, गोदामात रात्री मोजल्या, आता हे. पण माणसाने एका जागी किती दिवस उभं राहायचं? मी काय झाड आहे?

तीनशे हातमोज्यांचे देतात असं समज.

धाकटा

६ मार्च

भाऊजी,

मंगळवारी सकाळी काकूंची मोठी शेळी गेली. दुधाची होती ती. तोंडातून लाळ, पाय लटपटत होते, दुपारच्या आत संपली. लहान आडवी पडून आहे, जगेलसं वाटतं.

कंपाउंडरकाकांनी तिचा जबडा उघडून एक पान काढलं, वाळलेलं, आणि सगळ्यांना धरून दाखवलं. म्हणाले, "कण्हेर. हृदयावर जाते. दवाखान्यात पस्तीस वर्षं होतो मी, मला शिकवू नका." मग आमच्या दारात येऊन विचारलं की फांद्या कोणी टाकल्या. चार माणसं जमली होती. हे पायरीवरून उठले आणि म्हणाले, "मी टाकल्या."

काकांचं म्हणणं, मुद्दाम टाकल्या, शेळ्या बांधलेल्या बघून. तसा अर्ज त्यांनी शाळेत दिला आहे. त्यात लिहिलंय की मुक्या जनावराला विष घालणाऱ्याच्या हातात चाळीस मुलं कशी द्यायची. शाळेने बसच्या किल्ल्या काढून घेतल्या, चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. महिना-दीड महिन्यात हे मिटलं नाही तर दुसरा ड्रायव्हर ठेवतील. आणि काका म्हणतात, पट्टी लिहून द्या, अर्ज मागे घेतो. नाहीतर पोलिसात जातो.

हे लिहून द्यायला तयार नाहीत. म्हणतात, लिहून दिलं म्हणजे कबूल केलं.

मला एकच विचारायचं आहे. कण्हेर विषारी असते, हे तुम्हाला माहीत होतं का?

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं.

दादाने छाती पुढे काढून "मी टाकल्या" म्हणायची काय गरज होती? याला कोणी विचारलं की हा लगेच हात वर करतो. शाळेतही तसाच होता, खडू कोणी फेकला विचारलं की हा उभा. गप्प बसला असता तर काकांना काय सिद्ध करता आलं असतं? फांद्या वाऱ्याने गेल्या म्हणायचं होतं.

तरी अजून बिघडलेलं नाही. तुम्ही मोजणीवाल्याला बोलवा. हद्दीचा दगड मोरीच्या बाजूला असणार, मी कण्हेर लावली तेव्हा होता, त्याच्यापासूनच मी दीड हात मोजले होते. आता मातीखाली गेला असेल, खणायला सांगा. एकदा दगड निघाला की पट्टी आपली. पट्टी आपली म्हणजे आपल्या जागेत आपला कचरा, आणि त्यांच्या शेळ्या आपल्या जागेत घुसलेल्या. मग काका कोणत्या तोंडाने पोलिसात जातील? हे दादाला नीट समजावून सांग. पट्टी त्यांची ठरली तर आपण त्यांच्या जागेत विष टाकलं, आणि आपली ठरली तर काहीच नाही. सगळं त्या एका दगडावर आहे.

तू विचारलंस त्याचं असं आहे की झाडं म्हटली की थोडंफार असतंच. कशाचा चीक वाईट, कशाची बी वाईट. कोण कोण लक्षात ठेवणार?

माझं ३ फेब्रुवारीचं पत्र फाडून टाक. उगीच कोणाच्या हातात पडायला नको.

धाकटा

२८ मार्च

भाऊजी,

पत्र फाडलेलं नाही. पिठाच्या डब्याखाली आहे.

फांद्या यांनी टाकल्या नाहीत, मी टाकल्या. छाटणीच्या दोन दिवसांत हे शाळेची सहल घेऊन गेले होते. परत आले तेव्हा पाला सुकायला लागला होता. त्यांनी विचारलं, "तिकडे कोणी टाकलं?" मी म्हटलं, मी. का टाकलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुमचं नाव घेतलं असतं तर तुमच्यावरच्या रागाने त्यांनी त्याच दिवशी सगळ्या फांद्या गोळा केल्या असत्या. ते टाळायला मी गप्प बसले. आता वाटतं, नाव घ्यायला हवं होतं.

सहलीची तारीख शाळेच्या वहीत आहे. ती दाखवली की हे सुटतात. पण मग पुढचा प्रश्न माझ्यावर येतो, म्हणून दाखवत नाहीत. मी दोनदा विषय काढला. म्हणाले, "बसची किल्ली गेली तर दुसरी मिळेल. तू गप्प बस." पहाटे पाचला उठतात, दाढी करतात, गणवेशाचा शर्ट घालतात, आणि पायरीवर बसतात. बसायला शर्ट कशाला लागतो, मी विचारलेलं नाही.

काकूंनी मला फांद्या टाकताना खिडकीतून पाहिलं होतं. हात वरसुद्धा केला होता. त्यांनी अजून हे कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. माझ्याशी बोलतही नाहीत. खिडकी बंद असते.

मोजणीवाला १२ एप्रिलला येणार आहे.

काल तुमची सगळी पत्रं एका बैठकीत वाचली. फेब्रुवारीच्या पत्रात जुनी बाही आहे. त्याच्या पुढच्यात हातमोजे आहेत, वेगळी कात्री आहे, चहाआधी दोनदा साबण आहे. कशासाठी, ते कुठेच नाही. "कोण लक्षात ठेवणार" असं तुम्ही लिहिलंत, पण साबण दोनदा हे तुमच्या लक्षात राहिलं. मी पुन्हा विचारते, आणि या वेळी तुमच्या दादांबद्दल, काकांबद्दल, दगडाबद्दल काही लिहू नका.

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

माहीत होतं.

ज्या शेडमध्ये मी आहे ती विषारी झाडांची आहे. शोभेचीच सगळी. लोंबत्या पांढऱ्या फुलांचा धोतरा, लाल पानाचा एरंड, कळलावी, आणि कण्हेरीच्या तर सहा रांगा, गुलाबी, पांढरी, जर्द. सगळ्यात जास्त खप कण्हेरीचा. प्रत्येक कुंडीत लाल टोकाची काडी खोचलेली असते. गिऱ्हाइकांना वाटतं ती किमतीची खूण आहे. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही, असं मालक म्हणतो. मुकादम मात्र सगळ्यांना सांगतो, म्हणून त्याचा पगार वाढत नाही.

नर्सरीत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मुकादमाने आम्हा तिघा नव्या पोरांना उभं करून सांगितलं होतं. छाटलेलं झाकणाच्या पिंपातच टाका. ओला पाला कडू असतो, जनावर तोंड लावत नाही. वाळला की कडूपणा कमी होतो, विष तसंच राहतं. मूठभर पाल्यात शेळी जाते. हे त्याने जून महिन्यात सांगितलं. मी तुला फेब्रुवारीत लिहिलं.

का नाही लिहिलं, तर दादाला कळलं असतं तर त्याने त्या दिवशी कुदळ काढली असती. त्याला कारणच हवं होतं. घर सोडताना मी त्या काड्या रस्त्याच्या कडेच्या छाटणीतून उचलून आणल्या, बादलीत ठेवल्या, मुळं फुटेपर्यंत थांबलो. तेवीस होत्या, एकोणीस जगल्या. मी एवढा वेळ दुसऱ्या कशासाठी थांबलेलो नाही. तू लिहायचीस, फुलं आली, आता खिडकीपर्यंत आली, आता पलीकडचं काही दिसत नाही. ते वाचायला बरं वाटायचं. मग वाटलं, जनावर आपल्या अंगणात नाही, पोर नाही, कशाला लिहायचं? तू शेळ्या बांधल्याचं कळवलंस तेव्हा मात्र मुकादमाचं बोलणं आठवलं. पण तूच लिहिलं होतंस, दोऱ्या आखूड आहेत. ते वाक्य मी धरून बसलो.

पत्र फाड म्हटलं ते भीतीने. फाडू नकोस. ते आणि सोबतची चिठ्ठी कंपाउंडरकाकांना दे, शाळेत दे, कोणाला द्यायची त्याला दे. दादाला आधी दे. तो काय बोलेल ते मला कळवलं नाहीस तरी चालेल.

धाकटा

(सोबतची चिठ्ठी)

कंपाउंडरकाका यांस,

पट्टीत फांद्या टाका असं मी लिहून कळवलं होतं, ते पत्र सोबत आहे. दादाने त्या टाकलेल्या नाहीत, तो त्या दिवशी सहलीला बस घेऊन गेला होता, शाळेच्या वहीत बघा. वहिनीने माझ्या सांगण्यावरून टाकल्या, पाला विषारी आहे हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वाळला की जनावर खातं हेही माहीत होतं. मी लिहिलं नाही. काकूंची शेळी माझ्यामुळे गेली. पोलिसात द्यायचं तर माझं नाव द्या. पत्ता पाकिटावर आहे, मी इथेच आहे.

१८ एप्रिल

भाऊजी,

दगड निघाला. कुठे, तर कंपाउंडरकाकांनी ठोकलेल्या दुसऱ्या खुंटीच्या खाली, वीतभर आत. खुंटी ठोकताना त्यांना लागला असणारच. मोजणीवाल्याने फीत धरली, कण्हेरीच्या बुंध्यापासून एक हात आणि वर चार बोटं. तुमचं मोजमाप थोडं चुकलं होतं, पण पट्टी आपली.

काका मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. महिन्याने पहिल्यांदा ते हसले. मला म्हणाले, "आता जा म्हणावं पोलिसात. आमच्या जागेत आमचा कचरा." तुम्ही लिहिलं होतं तेच शब्द. तुम्ही दोघं एकमेकांना कितीही नावं ठेवा, डोकं एकाच साच्यातलं आहे.

तुमची चिठ्ठी आदल्या दिवशीच आली होती. मी ती कोणाला दाखवली नव्हती, मोजणी होऊ दे म्हटलं. दगड निघाल्यावर तिची गरजच उरली नाही. मोजणीचा कागद घेऊन हे शाळेत गेले असते, किल्ल्या परत मिळाल्या असत्या, आणि तुमचं नाव कुठेही आलं नसतं. तुमचं फेब्रुवारीचं पत्र आणि चिठ्ठी, दोन्ही कागद मी पिठाच्या डब्याखालीच ठेवले.

संध्याकाळी नळावर काकू भेटल्या. पाणी भरून झालं तरी हंडा उचलेनात. मग खाली बघत म्हणाल्या, "दोरी मी वाढवली होती गं. टोकाचं गवत संपलं होतं, शेळ्या ओरडत होत्या. मी दोन हात दोरी सोडली. यांना सांगितलेलं नाही. मीच मारली तिला." हे त्या दीड महिना उराशी धरून होत्या. खिडकी माझ्या रागाने बंद नव्हती.

मी घरी आले, डबा उचलला आणि दोन्ही कागद काकूंना नेऊन दिले. तुम्ही म्हणाला होतात यांना आधी दे. ते जमलं नाही.

काकूंनी तिथेच वाचलं, दोनदा. मग नवऱ्यासमोर मोठ्याने वाचलं. कंपाउंडरकाका चष्मा पुसत होते. म्हणाले, "कण्हेर विषारी हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कडू आहे, खाणार नाहीत म्हणून तिथे बांधल्या. वाळल्यावर खातात, हे औषधांच्या पुस्तकात नसतं." काकू म्हणाल्या, "तुम्ही जागेसाठी बांधल्या, गवतासाठी नाही." सोमवारी त्यांनी अर्ज मागे घेतला. मंगळवारपासून हे बसवर आहेत.

मोजणीच्याच रात्री जेवताना यांना तुमचं सहा तारखेचं पत्र वाचून दाखवलं. या वेळी उठले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "एकोणीस जगल्या?" मी म्हटलं, हो, तसं लिहिलंय. म्हणाले, "अठरा आहेत. एक मी रिव्हर्स घेताना गेली, त्याला सांगितलं नव्हतं."

कण्हेर काढायचं ठरलं आहे. यांनी नाही, मी ठरवलं. कशी काढायची ते नीट लिहा, काही न लपवता.

शेळीबद्दल कोणी काही मागितलेलं नाही. मोजणीप्रमाणे आपण काही लागत नाही. लहान शेळी उठली, पण ती दुधाची नाही. काकू आता दूध विकत आणतात, आणि मी चहाला बोलावलं तर येतात.

वहिनी

२९ एप्रिल

वहिनी,

कण्हेर अशी काढ. एकटी काढू नकोस, दादाला घे, तो नाही म्हणणार नाही. दोघांनी हातमोजे घाला, जाड. नसले तर पिशव्या बांधा हाताला. आधी फांद्या कापा, मग बुंधा, मग मुळं खणा. मुळं राहिली तर पुन्हा फुटते. कापलेलं काहीही जाळू नका. तिचा धूर छातीत गेला तर माणूस आजारी पडतो. आणि चुलीत तर अजिबात घालू नका, ढवळायला काडी म्हणूनसुद्धा नको. खोल खड्डा काढा, कमरेइतका, सगळं त्यात घाला, पानं झाडून गोळा करून घाला, आणि माती दाबा. लहान शेळी त्या आठवड्यात काकूंना घरातच बांधायला सांग. कात्री आणि कुदळ साबणाने धुवा. कपडे वेगळे धुवा. हात दोनदा धुवा. मी हे सगळं मुकादमाला विचारून लिहिलंय, माझ्या मनाचं काही नाही. त्याने विचारलं कशाला हवंय, तर मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला पिंपाच्या झाकणांची जबाबदारी दिली. आता छाटलेलं कुठे जातं ते मी बघतो. पगार तेवढाच.

गिऱ्हाइकांना मीपण सांगायला लागलोय, विचारलं नाही तरी. काल एका बाईने ऐकून कुंडी परत ठेवली. मालकाने पाहिलं. किती दिवस ठेवतात बघू.

कण्हेरीच्या जागी काय लावायचं ते तू आणि काकू ठरवा. मला विचारू नका. जे शेळीला चालतं ते लावा. की काहीच लावू नका, खिडकीला खिडकी दिसू दे.

अठरा, हे दादाने आधी सांगायला हवं होतं. मी सगळीकडे एकोणीस सांगत फिरलो.

मोजणीप्रमाणे आपण काही लागत नाही हे तू लिहिलंस, ते वाचलं. दादालाही तेच वाटत असेल, त्याच्या जागी मलाही वाटलं असतं. पण मोजणीने दगड कुठे आहे तेवढंच कळलं. दुधाची शेळी केवढ्याला येते ते मी इथल्या खताच्या गाडीवाल्याला विचारलं, त्याच्या घरी चार आहेत. दुसऱ्या वेताची, चांगल्या कासेची म्हटलं तर साडेआठ हजार सांगतो, घासाघीस केली तर आठ. गोदीच्या अनामतीसाठी जमवलेले होते, ते पुरत नाहीत, थोडे कमी पडतात, पुढच्या पगाराला बाकीचे. गोदीचं आता राहिलं. फार वाईट वाटून घेऊ नकोस, उंचावर मला तसंही गरगरतं.

काकूंच्याच हातात दे, काकांच्या नको, दादाच्याही नको. उसने म्हणू नकोस, मदत म्हणू नकोस. शेळीचे म्हणून दे. आज पाठवलेत, मोजून घे, सात हजार आठशे.

धाकटा